एक चंचुपात्र घ्या

आठवीच्या प्रयोगवह्या तपासायला बसलं की सगळा वर्ग मला हुकूम सोडत असतो. ‘एक चंचुपात्र घ्या. त्यात ५० मिली पाणी घ्या. मिश्रण काचकांडीने ढवळा.’ प्रयोग त्यांनीच केलेला असतो. ढवळताना काचकांडी कुणाच्या हातून निसटली, तुकडे कुणी गोळा केले, हे मला माहीत असतं. वहीत मात्र त्यातलं काहीच नसतं. पाठ्यपुस्तकातली कृती आज्ञार्थात असते, कारण तिथे पुस्तक मुलांना सांगत असतं. मुलं ती तशीच उतरवून काढतात आणि मग वही शिक्षकांना सांगू लागते, पाणी घ्या म्हणून. खाली शिक्षकाची सही होते, तारीख पडते, वही ‘पूर्ण’ होते.

प्रयोगवहीचा साचा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकृती, उजवीकडच्या आखीव पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. साचा वाईट नाही. अडचण एवढीच आहे की तो भरायला प्रयोग करावा लागत नाही. अनुमान आदल्या रात्री लिहून ठेवता येतं, निरीक्षण मैत्रिणीच्या वहीतून घेता येतं. कॉलेजात तर फेब्रुवारी उजाडला की जर्नल पूर्ण करायचा सामुदायिक सोहळाच असतो. एका हुशार मुलीचं जर्नल होस्टेलभर फिरतं आणि तिनं घेतलेलं एखादं चुकीचं रीडिंग दशांशचिन्हासकट सगळ्या जर्नलांत उतरतं.

आपण लिहिण्याला विज्ञानाच्या पार शेवटी नेऊन बसवलंय. आधी शिकायचं, समजून घ्यायचं, आणि मग समजलंय हे दाखवायला लिहायचं. वर्गात मला दिसतं ते याच्या उलट. आपल्याला काय समजलेलं नाही, हे मुलांना पहिल्यांदा लिहितानाच कळतं. बोलताना निभावून जातं. ‘म्हणजे ते असं वर येतं ना मॅडम,’ म्हणत हात वर नेला की बाकीचं ऐकणारा समजून घेतो. कागदावर हातवारे करता येत नाहीत. वाक्य सुरू होतं, अर्ध्यात येतं आणि तिथेच अडतं. मूल पेन्सिलीचं टोक चावत बसतं. माझ्या मते तासातली सगळ्यात कामाची वेळ तीच. १९७७ साली जॅनेट एमिग या अमेरिकी अभ्यासिकेनं लेखन हीच शिकण्याची एक रीत आहे असं मांडलं, आणि त्यानंतर तिकडच्या विज्ञानाच्या वर्गांत यावर बरंच काम झालं. मी मात्र या वाटेला लागले ती एका मेणबत्तीमुळे.

प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ताटलीत थोडं पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा उपडा ग्लास. थोड्या वेळानं ज्योत विझते आणि ताटलीतलं पाणी ग्लासात चढतं. त्याचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं उत्तर असं: ज्योतीनं ऑक्सिजन वापरला, हवेत ऑक्सिजन सुमारे एक पंचमांश असतो, म्हणून तेवढी रिकामी जागा पाण्यानं घेतली. सुटसुटीत आहे, पाठ करायला सोपं आहे, आणि बरंचसं चुकीचं आहे.

एका वर्षी मी सांगितलं की आज मथळे नकोत. उद्देश नको, साहित्य नको. आज जो शाळेत आला नाही त्याला कळेल असं, जे दिसलं ते, ज्या क्रमानं दिसलं त्या क्रमानं लिहा. पुस्तक दप्तरातच राहू द्या. एरवी ज्याच्याकडून दोन ओळी मिळवणं मुश्कील, अशा एका मुलानं लिहिलं: ‘ग्लास ठेवला. ग्लासाच्या कडेनं बुडबुडे आले भायेर. मग ज्योत बारीक झाली. इझली. मग पानी एकदम वर आलं.’ दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं लिहिलं होतं, ‘ज्योत पेटलेली असताना पाणी थोडंच चढलं. विझल्यावर भसकन चढलं.’ मी दोन्ही उतारे फळ्यावर जसेच्या तसे लिहिले आणि खाली ते एक पंचमांशवालं उत्तर लिहिलं.

वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागून कुणीतरी म्हणालं की ऑक्सिजन संपतोय म्हणून पाणी चढत असेल, तर ज्योत पेटलेली असतानाच हळूहळू चढायला पाहिजे. विझल्यावर कशाला चढेल? विझल्यावर तर ऑक्सिजन वापरणारं कुणीच नाही! आणि ते बुडबुडे कसले? आत जागा रिकामी होत असेल तर हवा बाहेर का येतेय?

हे प्रश्न पुस्तकात नव्हते. त्या दोन उताऱ्यांत होते, आणि उतारे क्रमानं लिहिले होते म्हणूनच होते. ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली मुलं नेहमी एकच ओळ लिहितात: ‘ज्योत विझते व पाण्याची पातळी वाढते.’ त्या ‘व’नं सगळा क्रम गिळून टाकलेला असतो.

पुढचा आठवडा आम्ही त्यात घालवला. पोर्शन मागे पडला, मुख्याध्यापकांनी विचारलं, मी काहीतरी सांगितलं. ज्योतीनं आतली हवा तापते, फुगते, थोडी बुडबुड्यांतून निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजनचा वाटा यात आहे, नाही असं नाही. मेण जळताना ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड होतो, पाण्याची वाफ होते, वाफ काचेवर जमते आणि वायूचं आकारमान थोडं घटतं. पण आत बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतानाच ज्योत विझते, तेव्हा ‘सगळा ऑक्सिजन संपला’ हे खरं नाही. एका गटानं सुचवलं की तीन मेणबत्त्या लावू. पाणी चढण्याचं कारण फक्त ऑक्सिजन हे असेल तर पाणी तेवढंच चढेल, तापणारी हवा हे असेल तर जास्त चढेल. जास्त चढलं. त्या दिवशीच्या वह्यांवर मेणाचे डाग आहेत आणि खाडाखोड इतकी की वरिष्ठांच्या तपासणीत त्या दाखवण्याजोग्या नाहीत.

मग हवेत खरंच ऑक्सिजन किती, हे कसं बघायचं? त्यासाठी मेणबत्ती नको, उष्णता नको. भांडी घासायची तारेची घासणी व्हिनेगरमध्ये बुडवून झटकली, परीक्षानळीच्या तळाशी कोंबली आणि नळी पाण्यात उपडी ठेवली. लोखंड गंजतं, गंजताना ऑक्सिजन घेतं, आणि पाणी सावकाश साधारण एक पंचमांश उंचीपर्यंत येतं. याला दिवस लागतात. मुलांनी रोज एक ओळ लिहायची एवढंच ठरलं. दुसऱ्या दिवशी बहुतेकांची ओळ होती, ‘आज काही झालं नाही.’ एकीनं विचारलं, ‘काही झालं नाही तर काय लिहायचं?’ तेच लिहायचं, वेळ टाकून.

याच ठिकाणी मी त्यांना फॅरेडेची गोष्ट सांगते. मेणबत्तीवर मुलांसाठी सहा व्याख्यानं देणारा फॅरेडे पाठ्यपुस्तकांच्या चौकटींत भेटतो. ती व्याख्यानं १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये झाली. पण मला जास्त जवळचा वाटतो तो वह्या लिहिणारा फॅरेडे. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा. १८१२ साली त्यानं हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, घरी येऊन ती सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या, स्वतःच बांधून डेव्हीला पाठवली. पुढच्या वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी मिळाली. त्याला गणित फारसं येत नव्हतं. जे काय ते शब्दांत आणि चित्रांत. २९ ऑगस्ट १८३१च्या नोंदीत लोखंडी कडं आहे, त्यावर दोन बाजूंना गुंडाळलेल्या तारा आहेत, आणि एका बाजूला बॅटरी जोडताना नि काढताना दुसऱ्या बाजूची सुई हलते, मधल्या वेळात स्तब्ध राहते, हे आहे. आज आपल्या घरात येणारी वीज त्या हलण्यातून आलेली आहे. १८३२पासून त्यानं परिच्छेदांना क्रमांक द्यायला सुरुवात केली, ते १६,०४१पर्यंत गेले. त्यात फसलेलं सगळं आहे. १८४९ साली गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचं काही नातं सापडतं का, हे बघायला त्यानं प्रयोग केले. काही सापडलं नाही. तेही तितक्याच तपशिलानं लिहिलेलं आहे. एवढ्या मोठ्या माणसाच्या वहीतही ‘काही झालं नाही’ असतं, याचा माझ्या वर्गाला फार आनंद झाला होता.

आता ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाबद्दल. महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला हा प्रश्न जन्मभर पुरतो. मला हा प्रश्न मनापासून आवडतो, आणि त्याचं गाईडांनी जे करून ठेवलंय त्याचा तितकाच राग येतो. ‘उन्हाळ्यात माठातील पाणी थंड होते.’ उत्तर: (१) माठाला सूक्ष्म छिद्रे असतात. (२) त्यातून पाणी झिरपते व त्याचे बाष्पीभवन होते. (३) त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते. (४) म्हणून माठातील पाणी थंड होते. चारी मुद्दे बरोबर, पैकीच्या पैकी गुण. हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला माठ माहीत नसला तरी चालतं.

मी प्रश्नाला एक शेपूट लावलं. पावसाळ्यात तोच माठ, तेच पाणी, तीच छिद्रं, मग पाणी तितकं गार का होत नाही? आणि उत्तर मला द्यायचं नाही. घरातल्या आजीला चिठ्ठी लिहून समजवायचं. आजीला वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं. चिठ्ठीत ‘बाष्पीभवन’ आलं तर चालेल, पण आजीनं ‘म्हंजी काय?’ विचारलं तर पुढची ओळ तयार पाहिजे.

मला उत्तर द्यायचं असतं तेव्हा मुलांना पक्कं ठाऊक असतं की मॅडमना सगळं माहीत आहे. मग फक्त खुणेचे शब्द टाकले की झालं. बाष्पीभवन, उष्णता, म्हणून. आजीपुढे हे चालत नाही. तिला माठ मुलांपेक्षा जास्त माहीत असतो, बाष्पीभवन माहीत नसतं. चिठ्ठ्यांतली पहिली दोन वाक्यं झकास असतात आणि तिसऱ्याला गाडी थांबते. पाणी उडून जातं हे ठीक, पण त्यानं आतलं गार का व्हावं? आंघोळ करून अंग न पुसता पंख्याखाली उभं राहिल्यावर काय वाटतं ते आठव, असं कुणीतरी आजीला लिहितं. चांगलं आहे. मग पावसाळा. एका मुलीनं लिहिलं, ‘पावसाळ्यात हवेनं आधीच पोटभर पाणी प्यालेलं असतं, तिला तहान नसते.’

हे वाक्य मी मुद्दाम फळ्यावर दोन दिवस ठेवलं. सुंदर आहे, आणि बऱ्याच अंशी कामाचंही आहे. फक्त हवा पाणी ‘पीत’ नाही. पाण्याचे रेणू आपण होऊन निघून जात असतात, कोरड्या हवेतही आणि दमट हवेतही. दमट हवेत जाणाऱ्यांइतकेच जवळजवळ परतही येत असतात, म्हणून माठाला फायदा मिळत नाही. ‘तहान’ कुठपर्यंत चालते आणि कुठे सोडावी लागते, यावर वर्गात झालेली चर्चा मी चार मुद्द्यांच्या उत्तरावर कधीच घडवू शकले नसते. त्या मुलीला वाक्य खोडायचं होतं. मी म्हटलं, राहू दे, खाली दुसरं लिही.

एका आजीनं उलटा निरोप धाडला. म्हणाल्या, तुझं सगळं बरोबर, पण जुना माठ उन्हाळ्यातही गार करत नाही, ते का, ते तुझ्या मॅडमला विचार. आमच्याकडचं पाणी क्षारांचं आहे. छिद्रं क्षारांनी बुजतात. त्या आजी दर वर्षी अक्षय्य तृतीयेला नवा माठ आणतात. त्यामागचं कारण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण निरीक्षण त्यांच्याकडे आधीपासून होतं.

इथे एक तक्रार नोंदवते. विज्ञान आणि भाषा यांची सांगड घाला असं कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं की हमखास निघतं ते ‘पाण्याच्या थेंबाचे आत्मवृत्त’. मी असे शेकड्यांनी थेंब वाचले आहेत. थेंब आधी समुद्रात आनंदात असतो, मग सूर्यदादा त्याला बोलावतात, मग तो ढगात मित्रांना भेटतो, मग मानवाच्या प्रदूषणानं दुःखी होतो आणि शेवटी ‘मित्रांनो, पाणी जपून वापरा’ म्हणतो. लेखन ओघवतं, अक्षर सुवाच्य, आणि विज्ञान शून्य. थेंबाला रडवलं की वाफ का झाली हे सांगावं लागत नाही. कल्पनाप्रधान निबंध मला वर्ज्य नाही. ‘सूर्य उगवला नाही तर’ या जुन्या विषयावर एका मुलानं लिहिलं होतं की सूर्य विझला तरी आपल्याला आठ मिनिटांनी कळेल, त्या आठ मिनिटांत आई मला नेहमीसारखीच उठवत असेल. त्यानं पंधरा कोटी किलोमीटर आणि प्रकाशाचा वेग घेऊन भागाकार केला होता, समासात. असा निबंध वर्षातून एखादाच येतो, आणि त्याच्या समासात भागाकार असतो.

लिहून विज्ञान शिकण्याचा आपल्या देशातला मला माहीत असलेला सगळ्यात मोठा प्रयोग मध्य प्रदेशात झाला. १९७२ साली, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो सुरू केला; १९८२पासून एकलव्य संस्थेनं सांभाळला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, पण उत्तरं नव्हती. उत्तर मुलांनी स्वतः करून, चर्चा करून, स्वतःच्या वहीत लिहायचं. म्हणजे पाठ्यपुस्तकाचा अर्धा भाग मुलाच्या हस्ताक्षरात. परीक्षेला वही आणि पुस्तक जवळ ठेवायची परवानगी. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८मध्ये तिथे गेले आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून आकार बनवू लागले, तेही याच कार्यक्रमात. २००२ साली सरकारनं कार्यक्रम बंद केला. का, यावर लिहायला वेगळा लेख लागेल.

त्या कार्यक्रमातलं एक पात्र मला फार आवडतं: सवालीराम. हा माणूस अस्तित्वात नाही. मुलांनी त्याला पत्र लिहायचं, मनात येईल तो प्रश्न विचारायचा, आणि त्याच्याकडून उत्तर यायचं. उत्तर लिहिणारे अर्थातच कार्यकर्ते आणि शास्त्रज्ञ असायचे. शिक्षकाला विचारायला जी मुलं घाबरतात, ती न दिसणाऱ्या सवालीरामला बिनधास्त लिहितात.

आपल्याकडे जयंत नारळीकरही मुलांकडून असंच लिहून घ्यायचे. सही मागायला आलेल्या मुलाला ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. सहीसाठी वही पुढे करायला काही लागत नाही. पोस्टकार्डासाठी प्रश्न लागतो, आणि तो त्या एवढ्याशा जागेत मावेल इतका नेमका करावा लागतो. आमच्या शाळेत प्रश्नपेटी आहे, बऱ्याच शाळांत असते. मी त्यात एवढीच भर घातली की प्रश्नाखाली ‘मला वाटतं की’ अशी एक ओळ हवी. प्रश्न निम्म्यानं कमी झाले. जे आले ते वाचायला घरी न्यावेसे वाटतात.

पावसाळ्यात आमच्याकडे लेखनाचा खरा हंगाम असतो, कारण सुगरणी येतात. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला, शिंदीला खोपे लटकायला लागतात. मुलांना ते दिसतात पण त्यांनी ते पाहिलेले नसतात. मी जोड्या करून विहिरी वाटून देते. लिहायचं ते जागेवर, पेन्सिलीनं. तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, वारा कुठून होता, पक्ष्यानं काय केलं. ‘सुंदर’, ‘मनमोहक’ हे शब्द बंद.

बहिणाबाईंची खोप्याची कविता मुलांच्या कानावरून गेलेली असते. तिथे खोपा विणते ती सुगरण, आई, आपल्या पिलांसाठी. वहीत मात्र पिवळ्या डोक्याचा पक्षी विणताना येतो, आणि पिवळं डोकं विणीच्या काळात नराचं असतं. मादी चिमणीसारखी भुरकी. दर वर्षी कुणीतरी हे घेऊन येतं आणि जरा दबकत विचारतं की बहिणाबाईंचं चुकलं का. एकीनं स्वतःच उत्तर लिहून आणलं होतं: ‘बहिणाबाई पक्ष्याबद्दल सांगत नाहीत, माणसांना सांगत आहेत. पण आमच्या विहिरीवर बाप्याच विणतो.’ मला दोन्ही वाक्यं तशीच्या तशी मान्य आहेत.

मग पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली येतात. १९३०च्या पावसाळ्यात, हाती नोकरी नसताना, ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्यांनी रोज बसून कोणता नर काय करतो, कोणती मादी कुठल्या खोप्यावर येते, हे टिपलं. त्यातून जे निघालं ते पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं. नर अर्धा खोपा विणतो. माद्या येऊन तपासून जातात. एखादीनं पसंत केला की मग तो पुरा करायचा, ती आत अंडी घालते, आणि हा दुसऱ्या खोप्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत पडला नाही तर खोपा तसाच लटकत राहतो. हे वर्गात सांगितलं की मुलं आपापल्या वह्या चाळायला लागतात, कारण ‘अर्धाच सोडलाय, का माहीत नाही’ ही नोंद जवळपास प्रत्येकाकडे असते. सलीम अलींचं उत्तर आधी सांगितलं असतं, तर ती ओळ कुणी लिहिलीच नसती. म्हणून नोंदींना महिना होईपर्यंत मी त्यांचं नाव काढत नाही.

वाऱ्याचा रकाना हा सुद्धा असाच उपयोगी पडतो. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. बहुतेक खोपे झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, आडोशाला. हे सुगरणींबद्दल अभ्यासकांनी नोंदवलेलंच आहे, पण मुलांनी ते रकान्यावरून काढलं की त्यांचा आवाज वेगळा येतो.

हे सगळं तपासायचं कसं, असं शिक्षक मैत्रिणी विचारतात. साठ मुलांचा वर्ग, पाच तुकड्या. खरं उत्तर असं की सगळं तपासायचं नाही. दर आठवड्याला थोड्या वह्या घ्यायच्या, लाल पेन बाजूला ठेवायचं, समासात एकच प्रश्न लिहायचा. ‘किती वेळानं?’ ‘तू कुठे उभी होतीस?’ ‘हे कुणी पाहिलं?’ शुद्धलेखनाला हात लावायचा नाही. मराठीच्या बाई माझ्यावर नाराज आहेत आणि त्यांचं म्हणणं चूक नाही, पण ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाचं ‘पाणी’ केलं की पुढच्या वेळी तो कमी लिहितो, हे मी पाहिलंय. ‘पाणी’ नंतर येतं. बोर्डाच्या उत्तराची भाषा दहावीच्या आधी शिकवावी लागते, ती मी शिकवते, चार मुद्द्यांत, अधोरेखित करून. त्यात लपवण्यासारखं काही नाही. प्रत्येक मूल यानं फुलतं असंही नाही. काहींना लिहिणं नकोच असतं. ती आकृतीत सगळं सांगतात आणि बाण इतके नेमके काढतात की शब्द मागायला मला संकोच वाटतो.

अलीकडे फोनची भर पडली आहे. प्रश्नाचा फोटो काढला की सुवाच्य उत्तर मिळतं, चार मुद्द्यांत. पूर्वी गाईड होतं, आता फोन आहे, मला फार फरक वाटत नाही. विहिरीवरचे खोपे मात्र अजून तिथे जाऊनच मोजावे लागतात.

त्याच विहिरींवरून मागच्या पावसाळ्यात पालकसभेत एक वडील रागावून आले होते. पोरीची वही पुढे टाकून म्हणाले, ‘बघा मॅडम, निम्मी पानं खोडलेली, ही काय वही झाली? एवढी माया घालून चांगली जाड वही आणून दिली.’ खोडलेलं पान उघडंच होतं. ते रागातच वाचू लागले. पान त्यांच्याच विहिरीचं होतं. ‘एकूण खोपे पाच. सगळे पूर्वेला. पश्चिमेला एकही नाही, कारण वारा.’

‘पाच?’ ते म्हणाले. ‘सात आहेत. दोन पलीकडच्या अंगाला हायत की.’

पोरगी मागे उभी होती. ‘पलीकडं नाहीतच.’

‘तू अलीकडनं बघतीस. कठड्यापाशी उभी राहून. तिथनं पलीकडलं दिसतंय होय?’

‘तुम्ही तरी कधी मोजले?’

वहीचा विषय तिथेच राहिला. सभा संपेपर्यंत दोघांचं चालूच होतं, आणि पुढच्या पालकांना ताटकळत ठेवून मीही ऐकत होते. सोमवारी वही आली. जुनी ओळ एका रेघेनं खोडली होती, वाचता येईल अशी. खाली नवी नोंद: ‘रविवार, सकाळी ७. आभाळ. वारा पश्चिमेकडून. पूर्वेला पाच, पश्चिमेला दोन. पश्चिमेचे दोन्ही अर्धे. त्यावर कोणी येत नाही. बाबांनी आणि मी मोजले.’ बाजूला आकृती होती, विहिरीची वरून दिसणारी, आणि त्यात एक फुली थेट पाण्यावर वाकलेल्या फांदीवर, ‘इथून पाहिले’ असं लिहून.

मी समासात विचारलं, ‘फांदीवर कोण चढलं होतं?’